मॅकरोनी आणि टोमॅटो : एका गरीब ताटाचा इतिहास

पदार्थ मूळचा कुणाचा, हा वाद सीमाभागात राहणाऱ्या माणसाला नवा नाही. एका घरातल्या शेवया शेजारच्या घरात शाविगे होतात, पुरणपोळीची होळिगे होते आणि दोन्हीकडच्या सुगरणी आपलीच रीत अस्सल म्हणून सांगतात. पान वाढले की वाद थांबतो आणि हात धुतल्यावर पुन्हा सुरू होतो. हा वाद इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहायचा असेल, तर आपल्यापासून फार दूरच्या एका ताटाकडे वळावे. ते ताट इटलीच्या दक्षिणेकडील नेपल्स शहराचे आहे. उकडलेल्या मॅकरोनी किंवा शेवया, वर टोमॅटोचा दाट रस, थोडे तेल, मीठ, जमले तर किसलेले चीज. एवढेच.

आज जगभर हा पदार्थ इटलीची ओळख मानला जातो. पण यातला टोमॅटो इटलीचा नाही आणि वाळवलेल्या शेवयांची विद्याही बाहेरून आलेली. शिवाय हे ताट कोणत्या राजवाड्यात जन्मले नाही. ते भुकेल्या, दाटीवाटीच्या शहराने आपल्या खिशाला परवडेल असे जुळवले.

शेवयांची वाट

मार्को पोलोने चीनहून शेवया आणल्या, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना ऐकली असेल. ती खरी नाही. पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. त्याआधी १२७९ मध्ये जिनोव्हा शहरातील एका नोटरीने एका सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली, तीत मॅकरोनीने भरलेल्या एका पेटीची नोंद आहे. त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी, ११५४ मध्ये, सिसिलीचा राजा रॉजर याच्या दरबारी असलेला अरब भूगोलतज्ज्ञ अल् इद्रिसी याने पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाचे वर्णन केले आहे. तिथे ‘इत्रिय्या’ नावाच्या शेवया इतक्या मोठ्या प्रमाणावर बनत, की जहाजे भरभरून त्या मुसलमानी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलखांत पाठवल्या जात. पोलोच्या कथेला बळ मिळाले ते फार पुढे, १९२९ साली, अमेरिकेतील मॅकरोनी कारखानदारांच्या मासिकात छापून आलेल्या एका गमतीदार गोष्टीमुळे.

या शेवया टिकत त्या गव्हाच्या गुणामुळे. दुरम जातीचा गहू कठीण असतो. त्याचा रवा निघतो, त्यातला चिकटपणा भक्कम असतो आणि वाळवलेली शेवई शिजवली तरी तिचा लगदा होत नाही. आपल्याकडचा बन्सी गहू याच दुरम जातीचा आणि बेळगाव, सांगली, सातारा भागातला खपली गहू दुरमच्याच पूर्वजांच्या घरातला. तेव्हा बन्सी रव्याच्या शेवया उन्हात वाळत घालणाऱ्या आपल्या बायका आणि सिसिलीचे ते जुने कारागीर, दोघांनी एकमेकांना न ओळखता धान्याचा एकच गुण हेरला होता.

सोन्याचे फळ

टोमॅटोची वाट याहून लांबची. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरातले, पण त्याची शेती फुलली मेक्सिकोत. तिथल्या नाहुआत्ल भाषेतला ‘तोमात्ल’ हाच पुढे स्पॅनिश तोंडात ‘तोमाते’ झाला. १५२१ मध्ये स्पेनच्या कोर्तेसने मेक्सिकोची राजधानी जिंकली आणि त्यानंतरच्या काही दशकांत हे फळ युरोपात पोहोचले.

इटलीत त्याची पहिली लेखी दखल घेतली मात्तिओली या वैद्याने, १५४४ साली. त्याने त्याला वांग्याच्या जातीत बसवले आणि पुढे १५५४ च्या आवृत्तीत ‘सोन्याची फळे’ असे नाव नोंदवले. ‘पोमोदोरो’ हा इटालियन शब्द त्यातूनच आला. वांग्याशी नाते जोडण्यात मात्तिओली चुकला नव्हता. वांगे, बटाटा, मिरची, टोमॅटो आणि धोतरा ही सगळी एकाच कुळातली भावंडे. आपल्याकडेही जुनी माणसे टोमॅटोला ‘बेलवांगी’ म्हणत आणि बंगालीत त्याला ‘बिलिती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, असे नाव पडले. विदर्भात त्याचे ‘भेदरं’ झाले. नवख्या पाहुण्याला जवळच्या नात्यातले नाव देऊन घरात घ्यावे, ही रीत सगळीकडे सारखीच दिसते.

कुळात विषारी भावंडे असल्यामुळे हे फळ बराच काळ बागेत शोभेला राहिले. स्वयंपाकाच्या पुस्तकात त्याला स्थान मिळाले ते नेपल्समध्ये. तिथे तेव्हा स्पेनची सत्ता होती आणि अंतोनियो लातिनी हा लहानपणी अनाथ झालेला, पुढे कर्तबगारीने वर आलेला माणूस एका स्पॅनिश अधिकाऱ्याच्या घरची मुदपाकखान्याची व्यवस्था पाहत होता. १६९२ ते १६९४ या काळात त्याचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात निखाऱ्यावर भाजलेल्या टोमॅटोची साल काढून, बारीक चिरून, कांदा, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालून केलेली एक चटणी आहे. तिला तो ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणतो. ती कशाला तोंडी लावावी, तर मांसाला. शेवयांचा तिथे उल्लेखही नाही. टोमॅटो आणि शेवया एकाच शहरात राहत होत्या, पण त्यांची अजून गाठ पडली नव्हती.

पालाखाऊंचे मॅकरोनीखाऊ

सोळाव्या शतकात नेपल्सच्या लोकांना इटलीतले इतर लोक ‘पालाखाऊ’ म्हणून चिडवत. कोबी आणि इतर पालेभाज्या, जोडीला सणासुदीला मांस, हे त्यांचे जेवण. पुढे खेड्यांतून माणसे येत राहिली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी नेपल्स हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झाले. मांस परवडेना, भाज्याही पुरेनात. त्यात सरकारचे कर. फळांवरही कर बसला, तेव्हा १६४७ च्या जुलैमध्ये मासानिएल्लो नावाच्या एका तरुण कोळ्याच्या मागे सारे शहर रस्त्यावर उतरले. फळावरच्या करासाठी बंड व्हावे, यावरून तिथल्या ताटात काय उरले होते त्याची कल्पना येते.

इतिहासकार एमिलिओ सेरेनी यांनी १९५८ साली लिहिलेल्या एका दीर्घ निबंधात हे सगळे उलगडून दाखवले आहे. त्यांचे म्हणणे असे, की याच अडचणीच्या काळात कणीक मळण्याची आणि शेवया दाबून काढण्याची यंत्रे सुधारली, शेवया स्वस्त झाल्या आणि एकेकाळची चैनीची वस्तू गरिबांचे मुख्य अन्न बनली. पालाखाऊ आता ‘मॅकरोनीखाऊ’ झाले. टोपणनाव बदलले, त्यातला कुत्सितपणा तसाच राहिला.

नेपल्सजवळची ग्रान्यानो आणि तोर्रे अन्नुन्त्सियाता ही गावे या धंद्यावर वाढली. डोंगरावरून येणारा वारा आणि समुद्राची दमट हवा यांच्या पाळीपाळीने शेवया न तडकता वाळत. गल्लीच्या दोन्ही बाजूंना काठ्यांवर शेवयांचे पडदेच्या पडदे लोंबत असत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी रशियाच्या तागानरोग बंदरातूनही कठीण गहू येई.

१७८७ मध्ये जर्मन कवी गटे नेपल्सला आला, तेव्हा त्याला जागोजागी अगदी थोड्या पैशांत मॅकरोनी मिळताना दिसली. ती नुसती पाण्यात उकडलेली आणि वर किसलेले चीज. टोमॅटो अजूनही नाही. लोक उभ्यानेच, हाताने, मान मागे टाकून लांबलचक शेवया तोंडात सोडत. पुढच्या शतकात परदेशी प्रवासी हा तमाशा पाहायला नाणी फेकू लागले आणि त्याची छायाचित्रे विकली जाऊ लागली. भुकेला माणूस जेवतो आहे आणि भरल्या पोटाचा माणूस त्याची गंमत पाहतो आहे, असे ते चित्र होते.

पुरवणीतला पदार्थ

शेवया आणि टोमॅटो यांची गाठ नेमकी कुणाच्या चुलीवर पडली, त्या स्वयंपाकिणीचे नाव इतिहासाने टिपलेले नाही. पण तिच्या पदार्थाची सविस्तर कृती ज्याने लिहून ठेवली, तो सरदार घराण्यातला होता. बुओनव्हिचीनोचा ड्यूक इप्पोलितो काव्हाल्कान्ती याने १८३७ साली पाककलेचा एक ग्रंथ काढला. ग्रंथ शिष्ट इटालियनमध्ये होता आणि त्यात बड्या घरच्या मेजवान्यांचे पदार्थ होते. १८३९ च्या आवृत्तीला मात्र एक पुरवणी जोडलेली दिसते. ती नेपल्सच्या बोलीत आहे आणि ‘आपल्या रीतीचा घरगुती स्वयंपाक’ असा तिच्या नावाचा अर्थ. ‘टोमॅटो घातलेल्या शेवया’ आहेत त्या या पुरवणीत.

त्याची कृती थोडक्यात अशी. चार रोटोलो टोमॅटो घ्यावेत (एक रोटोलो म्हणजे ९०० ग्रॅमच्या आसपास), प्रत्येकाला चिरा देऊन बिया आणि पाणी काढून टाकावे, उकळावे, विरघळले की चाळणीतून गाळावे. तो रस चरबी घालून आटवावा. दोन रोटोलो शेवया ‘हिरव्या हिरव्या’ उकडून निथळाव्यात, मीठ-मिरपूड घालून त्या रसात सोडाव्यात आणि मंद आचेवर अधूनमधून उलथीत राहावे.

यातला ‘हिरव्या हिरव्या’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. शेवयांचा रंग काही हिरवा नसतो. कच्च्या फळाला जसे हिरवे म्हणतात, तशी किंचित कच्ची, दाताला लागेल इतपत शिजलेली शेवई, असा त्याचा अर्थ. आज जगभरचे आचारी यासाठी ‘अल देन्ते’ म्हणतात. पण नेपल्सच्या बाईने आपल्या मुलीला चुलीजवळ उभे करून जे सांगितले असेल, ते या ‘हिरव्या हिरव्या’मध्ये आहे. ड्यूकसाहेबांनी ते शिष्ट भाषेत घासूनपुसून लिहिले असते, तर हा शब्द हाती लागला नसता.

आपल्या घरी हे ताट करायचे तर फारसे काही लागत नाही. चार माणसांना ४०० ग्रॅम रव्याची मॅकरोनी किंवा स्पॅगेटी आणि एक किलो पिकलेले, गरदार टोमॅटो पुरतात. टोमॅटो गरम पाण्यात मिनिटभर बुडवून साल काढावी व चिरावेत. तीन-चार चमचे तेलात लसणीच्या चार पाकळ्या ठेचून टाकाव्यात. त्या लाल होऊ देऊ नयेत. मग टोमॅटो आणि मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटे आटवावे. दुसरीकडे चार लिटर उकळत्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून मॅकरोनी शिजवावी आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी काढावी. तिचे वाटीभर पाणी राखून ठेवावे. ते पिठूळ पाणी थोडे थोडे रसात घातले, की रस शेवयांना धरून बसतो. तिकडे यावर बेसिलची पाने टाकतात. आपला सब्जा त्याच जातीचा आहे, त्याची कोवळी पाने चालतात.

दोन सोल्दोंचे ताट

१८८४ च्या नेपल्समध्ये कॉलऱ्याने हाहाकार केला. त्या वेळी पत्रकार मातिल्दे सेराओ यांनी शहराच्या गरीब वस्त्यांवर एक लेखमाला लिहिली. त्यात रस्त्यावर चुली मांडून उकळणारी मॅकरोनीची पातेली आहेत, शेजारी टोमॅटोचा रदरदणारा रस आहे. ताटली दोन किंवा तीन सोल्दोंना मिळे. वीस सोल्दोंचा एक लिरा. गिऱ्हाईक पदार्थाचे नाव घेत नसे, किंमतच नाव झाली होती : एक ‘दोनवाली’, एक ‘तीनवाली’.

टोमॅटो वर्षभर टिकवायची सोयही घरोघरी होती. उन्हाळ्याच्या अखेरीस रस बाटल्यांत भरून ठेवत किंवा फळ्यांवर पसरून कडक उन्हात आटवत. सिसिलीत हा घट्ट गोळा आजही करतात. आपल्या गच्चीवरच्या कुरडया-पापडांसारखेच ते काम : बायकांनी एकत्र जमून करायचे आणि ऊन निघून जाण्याआधी उरकायचे. पुढे डबाबंद टोमॅटोचे कारखाने निघाले आणि हा रस बाराही महिने सर्वत्र मिळू लागला.

इटली एक झाली १८६१ साली. त्या वेळी राष्ट्रभाषा ठरलेली इटालियन बोलू शकणारे लोक शेकडा अडीचच होते, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांनी पुढे केला. बाकी सारे आपापल्या बोलीत जगत होते. उत्तरेकडचे लोक दक्षिणेतल्यांना ‘मॅकरोनी’ म्हणून हिणवत. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले. त्यांतले बहुतेक दक्षिणेचे, आणि तिथेही हाच शब्द शिवीसारखा त्यांच्यामागे लागला. त्यांनी मॅकरोनी सोडली नाही. १९३० नंतरच्या मंदीत डबाबंद टोमॅटो आणि मॅकरोनी हे त्यांचे स्वस्त ताट इतर अमेरिकनांच्या घरांतही शिजू लागले.

मायदेशी मात्र एक निराळेच वादळ उठले. १९३० च्या डिसेंबरात कवी मारिनेत्ती यांनी जाहीरनामा काढला, की पास्ता माणसाला सुस्त आणि निराश करतो, तेव्हा तो बंद झाला पाहिजे. नेपल्स खवळले. तिथले नगरप्रमुख ड्यूक ऑफ बोव्हिनो यांनी उत्तर दिले, की स्वर्गात देवदूतसुद्धा टोमॅटो घातलेल्या शेवयाच खातात. मारिनेत्तींनी त्यावर टोला मारला, की स्वर्ग कंटाळवाणा असतो असा आपल्याला संशय होताच. जाहीरनाम्याचे पुढे काही झाले नाही. १९६७ मध्ये इटलीच्या संसदेने कायदाच केला, की तिथे विकायचा वाळवलेला पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचाच हवा.

आता पहिला प्रश्न पुन्हा घेऊ : हा पदार्थ मूळचा कुणाचा? गहू भूमध्य समुद्राच्या काठचा, शेवया वाळवून जहाजावर चढवण्याची विद्या अरबांच्या सिसिलीतली, फळ मेक्सिकोचे, ते आणणारे स्पेनचे. नेपल्सचे यात काय? भूक, रिकामा खिसा आणि या दोन्हींवर चुलीशी काढलेला तोडगा. इतिहासाच्या दृष्टीने एवढा हक्क पुरेसा आहे. काव्हाल्कान्तीच्या मूळ ग्रंथातल्या मेजवान्या आज अभ्यासकांपुरत्या उरल्या; बोलीतल्या पुरवणीतला पदार्थ घरोघरी शिजतो आहे. आपल्याही घरांत आज्यांच्या, आयांच्या हातच्या पाककृतींच्या वह्या असतील. त्यांत मराठी वाक्यात एखादा कानडी, कोकणी, गुजराती किंवा माळवी शब्द सहज मिसळलेला असेल. त्या उतरवून घेताना तो शब्द ‘शुद्ध’ करू नये. एखादा ‘हिरवा हिरवा’ त्यांतही दडलेला असेल.