राजवाडा गेला, शिकवणी राहिली

तंजावर म्हटलं की आपल्याला व्यंकोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. आज मात्र मी व्हायोलिनबद्दल बोलणार आहे, आणि हे वाद्य लहान मुलांना शिकवणाऱ्या घरांबद्दल.

यात माझा थोडा स्वार्थ आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर तंजावरजवळच्या आमच्या गावी, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी मुलांचा व्हायोलिन वर्ग चालवतो. शिकवतात एक तमिळ बाई. मी फी, वेळापत्रक आणि तुटलेल्या तारा सांभाळतो. आमच्या घरात अजून तंजावरी मराठी बोलतात. वर्गात तमिळ चालते.

हे वाद्य इथं आलं कसं? इंग्रजांच्या बँडबरोबर. मद्रासच्या किल्ल्यात पलटणीचा बँड वाजे. तिरुवारूरचं दीक्षितर कुटुंब तेव्हा मद्रासजवळ मणलीला राहत होतं. धाकट्या बाळुस्वामींनी एका युरोपीय वादकाकडे व्हायोलिन शिकून घेतलं. थोरल्या मुत्तुस्वामींनी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवले. त्यात इंग्रजांच्या राष्ट्रगीताची चालसुद्धा आहे! या तीसहून अधिक रचनांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. चाली सोप्या, म्हणून आमच्या वर्गातली मुलं आजही त्या आवडीनं वाजवतात.

त्याच काळात तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते (1798–1832). 1799 च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि तनखा उरला. त्यांनी ग्रंथ, शाळा आणि संगीत यांवर खर्च केला, पाश्चात्त्य वाद्यंही आणवली. याच दरबारात मुत्तुस्वामींचे शिष्य होते: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू, नट्टुवनार घराण्यातले चार भाऊ. धाकटा वडिवेलू व्हायोलिनमध्ये इतका तयार झाला की 1834 मध्ये त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन दिलं.

वडिवेलूला पाद्री श्वार्ट्झनं शिकवलं, असं काही जण सांगतात. तारखा जुळत नाहीत. श्वार्ट्झ 1798 मध्ये वारला, वडिवेलू जन्मला 1810 मध्ये. फौजेत नकाशा आधी जमिनीशी ताडून बघायची सवय लागते. इतिहासातही ती उपयोगी पडते.

खरा बदल बसण्यात झाला. युरोपात वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून हनुवटीखाली व्हायोलिन धरतो. आपल्याकडे मूल मांडी घालून बसतं, वाद्याचं टोक उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतं आणि दुसरी बाजू छातीला लावतं. वजन पायावर गेलं की डावा हात मोकळा होतो, बोट तारेवर घसरू शकतं, गमक निघतं. तारा सा-प-सा-प अशा लावतात. मग मायामाळवगौळ रागात सरळी वरिसै, तीन लयींत, महिनोन्‌महिने. तीच शिस्त तंजावरच्या वीणेवर आणि गळ्यावरही.

1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, वारस नव्हता, कंपनीनं उरलेलंही खालसा केलं. राजाश्रय संपला. वादक मद्रास, म्हैसूर, त्रावणकोरकडे पांगले. तरी खोऱ्यातल्या गावांतून व्हायोलिन गेलं नाही. कुंभकोणमजवळच्या तिरुक्कोडिकावल गावचे कृष्ण अय्यर (1857–1913) राजवाडा खालसा झाल्यावर जन्मले आणि आपल्या पिढीचे मोठे व्हायोलिनवादक झाले. गुरूच्या घराचा ओटा, ज्याला इथं तिण्णै म्हणतात, आणि समोर बसलेली चार मुलं, एवढ्यावर विद्या टिकली.

माझ्याकडे आज नऊ मुलं आहेत. दहावीचं वर्ष आलं की आईवडील विचारतात, याचा उपयोग काय? दरवर्षी दोघं-तिघं गळतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. रिकामं झालेलं अर्ध्या मापाचं व्हायोलिन पुसतो, नव्या तारा चढवतो आणि पुढच्या सात वर्षांच्या मुलाला देतो. राजाच्या तिजोरीनं वाद्य आणलं. ते टिकवायला दर पिढीला नव्यानं शिकवणारा कोणीतरी लागतो. तुमच्या गावात, मग ते बडोद्यात असो की बेळगावात, अशी एखादी खोली असेल तर तिथं एक मूल पाठवा.

पुढच्या भागात तंजावरच्या मराठी राजांनी बांधलेल्या छत्रांविषयी बोलू.