सोसायटी म्हणजे नुसतं पीककर्ज नव्हे! रायगड किनाऱ्यावरच्या शेतकरी संस्था काय करतात, सभासदाचे हक्क कोणते?

गावात 'सोसायटी' म्हटलं की बहुतेकांना पीककर्ज आठवतं. पण अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, पेण या पट्ट्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन केलेलं काम त्याहून खूप मोठं आहे. या संस्था कशा चालतात आणि सभासद म्हणून आपल्याला काय मिळू शकतं, याची ही माहिती.

सुरुवात चरीपासून

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांचा संप जाहीर झाला. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत, असं कुळांनी ठरवलं. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली परिसरातल्या २५ गावांनी सुमारे सहा वर्षं हा संप टिकवला. घरात धान्य नव्हतं, लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण मिळू लागलं आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. १९३७ मध्ये सुरू झालेलं 'कृषीवल' हे वृत्तपत्रही याच चळवळीतलं. म्हणजे हक्कांसाठी लढणं आणि लोकांना शहाणं करणं, ही दोन्ही कामं आपल्याकडे बरोबरच सुरू झाली.

कर्ज आणि ३० जून

विविध कार्यकारी सोसायटी जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेऊन सभासदाला पीककर्ज देते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य टक्के पडतं. खरी मेख 'वेळेत' या शब्दात आहे. मुदत साधारण ३० जूनला संपते. ती हुकली की सवलत गेली. आपल्या कर्जाची नेमकी तारीख सचिवाकडून आधीच विचारून ठेवा.

सोसायटीने फक्त कर्जच द्यावं असंही नाही. २०२३ च्या आदर्श उपविधींप्रमाणे खत-बियाणं विक्री, गोदाम, अवजारं भाड्याने देणं, दूध, मत्स्यव्यवसाय असे पंचवीसहून जास्त व्यवसाय ती करू शकते.

पांढरा कांदा, सुपारी आणि खारबांध

भात निघाल्यावर कार्ले, खंडाळे, नेहुली भागात पांढरा कांदा लावतात. घरातल्या बायका त्याच्या माळा विणतात. या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन एकट्यादुकट्याच्या मालकीचं नसतं, ते त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. पण मानांकनाचं नाव अधिकृतपणे वापरायचं तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. उत्पादकांची संस्था असेल तर हे काम सोपं होतं, आणि बाहेरचा कांदा 'अलिबागचा' म्हणून विकला गेला तर तक्रारही एकजुटीने करता येते. श्रीवर्धनी सुपारीचंही तसंच आहे. सगळ्यांनी मिळून माल विकला तर दलालासमोर बोलायची ताकद येते.

खारेपाटातली गोष्ट वेगळी. तिथे बांध फुटला की उधाणाचं पाणी एकाच्या नाही, सगळ्यांच्या शेतात शिरतं आणि जमीन नापीक होते. म्हणून पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध राखायचे. अशा सामुदायिक व्यवस्थेला 'जोळ' म्हणत. आज खारभूमीच्या योजना सरकारकडे आहेत. पण खांड लहान असतानाच ती पाहून कळवायला गावाची नजर लागतेच.

शिकायचं कुठे?

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून काम करतंय. कर्जतला भाताचं, पनवेलला खारजमिनीचं आणि श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्र आहे. पनवेलच्या केंद्राने खाऱ्या जमिनीत टिकणारे भाताचे वाण दिलेत. रोह्याच्या किल्ला इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. एकटा शेतकरी तिथवर जातोच असं नाही. सोसायटीने वीस-पंचवीस जणांचा गट नेला किंवा शास्त्रज्ञांना गावात बोलावलं तर सगळ्यांनाच फायदा होतो.

सभासदाने हे लक्षात ठेवावं

- शेअर्स कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.
- आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी.
- उपविधी, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्तं आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयात विनामूल्य पाहता येतात.
- भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या, जपून ठेवा.

सभेला पाच-दहा माणसंच आली तर निर्णयही तेवढेच घेतात, आणि मग वर्षभर पारावर कुरकुर करून उपयोग नसतो. यंदा सभेची नोटीस आली की ताळेबंद वाचून जा आणि एक तरी प्रश्न विचारा.