हरवलेले नाणे मोजायचे कसे?

नोटा फाटतात, जळतात, पुरात वाहून जातात. अशा नोटा किती, याचा अंदाज घ्यायचा तर सगळ्या नोटा परत मागवाव्या लागतात. २०१६ च्या नोटाबंदीत बाद झालेल्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी रिझर्व्ह बँकेकडे परत आले. न आलेल्या नोटांचा आकडा साध्या वजाबाकीने मिळाला.

बिटकॉइनच्या बाबतीत ही वजाबाकी करता येत नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने वावरणाऱ्या व्यक्तीने (किंवा गटाने) ३ जानेवारी २००९ रोजी हे चलन सुरू केले. त्याला टाकसाळ नाही, मध्यवर्ती बँक नाही. जगभरच्या संगणकांवर राखलेली एक सामाईक खातेवही, एवढेच त्याचे स्वरूप. वहीला साधारण दर दहा मिनिटांनी नवे पान, म्हणजे ‘ब्लॉक’, जोडले जाते आणि ते जोडणाऱ्याला नवी नाणी मिळतात. पहिल्या २,१०,००० पानांना प्रत्येकी ५०, पुढच्या तितक्याच पानांना २५, नंतर १२.५, अशी ही भूमितीय श्रेढी आहे. तिची बेरीज वर्गात जरूर करून घ्यावी: २,१०,००० × १००, म्हणजे २ कोटी १० लाख. ही झाली पुरवठ्याची कमाल मर्यादा.

प्रत्यक्ष वापरण्याजोगी नाणी याहून कमीच असणार. पहिल्या पानावरची ५० नाणी आज्ञावलीच्या रचनेमुळे खर्चच करता येत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये एका पानाची १२.५ नाणी घ्यायचीच राहून गेली. एवढा तोटा वहीत स्पष्ट दिसतो.

खरी अडचण किल्लीची आहे. नाणे खर्च करण्यासाठी २५६ बिटांची, म्हणजे सुमारे ७८ अंकी, गुप्त संख्या लागते. ती हरवली तर दुसरी करून देणारे कोणी नाही. २०१३ मध्ये वेल्समधील न्यूपोर्ट येथे हजारो नाण्यांची किल्ली असलेली हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्या शोधासाठी केलेला दावा न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळला. वहीत मात्र ती नाणी अजून जिथल्या तिथे आहेत!

किल्ली हरवली आहे की मालक स्वस्थ बसला आहे, हे वहीवरून कळत नाही. २०११ पासून पडून असलेली ८०,००० नाणी जुलै २०२५ मध्ये एकाएकी हलली. म्हणून ‘इतकी नाणी कायमची गेली’ असे आकडे अंदाज म्हणूनच वाचावेत.

हरवलेल्या नाण्यांमुळे इतरांच्या नाण्यांचे मोल थोडे वाढते, ती सर्वांना मिळालेली देणगीच होय, असे नाकामोतोने २०१० मध्ये म्हटले होते. मागणी तेवढीच राहिली तर हे खरे आहे. पण यातली कोणती देणगी खरी आणि कोणती उद्या परत मागितली जाईल, हे मात्र आधी सांगता येत नाही.