दासबोधातील महाभूतवर्णन

समर्थ रामदासांच्या 'दासबोध' या ग्रंथाच्या सोळाव्या दशकात पृथ्वी, आप, अग्नी व वायू या चार महाभूतांवर अनुक्रमे 3 ते 6 हे समास आहेत. पाचवे महाभूत आकाश. त्यावर या दशकात स्वतंत्र समास नाही, त्याचा विचार आठव्या दशकात येतो. चार्वाकांनी आकाश प्रत्यक्ष दिसत नाही म्हणून चारच भूते मानली. ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीजनेही हीच चार मूलतत्त्वे सांगितली. रामदास मात्र पाचही भूते मानतात. या समासांत नित्याच्या अनुभवातील निरीक्षणे विपुल आहेत. पाणी तारते तसेच मारते, आणि ज्यात मिसळते त्याचे रूप घेते, असे आपनिरूपणात म्हटले आहे. वायुस्तवनात वायुपुत्र हनुमंताचा उल्लेख आहे. भूते स्तुत्य असली तरी नाशवंत असून शाश्वत केवळ परब्रह्मच, ही ग्रंथाची भूमिका आहे.