कुड्याची साल आणि कोंबडीचं पोट

जव्हार-मोखाड्यात मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. श्रेणी-२ च्या दवाखान्यात लंगडा बैल यायचा, पोट फुगलेली शेळी यायची, कधी रानडुकरानं फाडलेला कुत्राही यायचा. कोंबडी मात्र कोणी आणत नसे. याचं उत्तर मला एका पाड्यावरच्या आजीनं नोकरीच्या सुरुवातीलाच दिलं होतं : "कोंबडीसाठी गाडीभाडं कोन घालील, दादा?" हिशोब बिनतोड होता. दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून जिला आणायची तिची किंमतच तेवढी नव्हती. म्हणून तिचं औषध घरात, परसात नाहीतर समोरच्या रानात असायचं. आणि म्हणूनच त्या औषधाचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही.

आपल्याकडे पाखरांवरच्या उपचारांची लिखापढी झालीच नाही, असं मात्र नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये कोंबड्यांच्या झुंजीला जागा आहे. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याच्या 'श्यैनिकशास्त्रा'त शिकारी ससाण्यांची निगा, आहार आणि आजारांवरची औषधं आहेत; हरप्रसाद शास्त्रींनी तो ग्रंथ १९१० मध्ये कलकत्त्याहून छापून आणला. पण हे सारं राजाच्या पाखरांचं. झुंजीचा कोंबडा ग्रंथात गेला, अंडी घालणारी कोंबडी खुराड्यातच राहिली.

इंग्रजी अमदानीत पशुवैद्यक आलं तेही घोड्यापाठोपाठ आणि बैलापाठोपाठ. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं. पुण्यात १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली, ती मुख्यतः गुरांच्या बुळकांडीशी लढायला. १८९३ मध्ये ती कुमाऊँमधल्या मुक्तेश्वरला हलवली. बैल मेला तर शेतसारा बुडतो, घोडा मेला तर पलटण अडते. कोंबडी मेली तर सरकारचं काय जातं?

आमच्या भागात तर सरकारंही दोन होती. जव्हार हे मुकणे घराण्याचं, महादेव कोळी राजांचं संस्थान. शेजारचा मोखाडा मात्र इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि जव्हारही ठाणे जिल्ह्यात आलं; १ ऑगस्ट २०१४ पासून दोन्ही भाग पालघर जिल्ह्यात आहेत. सरहद्द होती तेव्हा अलीकडे राजाचा अंमल आणि पलीकडे कलेक्टरचा. कोंबडीकडे दोन्हींचं सारखंच दुर्लक्ष. अंमलदार पाड्यावर आला की कोंबडी कापायची, एवढाच तिचा सरकारशी संबंध. वयस्कर माणसांच्या आठवणीत हा रिवाज अजून ताजा आहे.

वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशा कुठल्याही घरात बैल पुरुषाचा आणि कोंबडी बाईची. अंडी विकून आलेले पैसे मीठ, तेल, बांगड्या यांना लागायचे. पाहुण्याला कोंबडी, हिरवा देवाला कोंबडी, वाघबारशीला वाघदेवाला कोंबडी, आणि सावकाराला गप्प करायलाही कोंबडीच. माणूस आजारी पडला की भगताकडे जायचं, तो तांदूळ पाहायचा. बैलासाठीही भगत चालायचा. कोंबडीसाठी भगताला बोलावलेलं मी कधी पाहिलं नाही. तिचा इलाज सासूनं सुनेला शिकवायचा. जव्हार-मोखाड्यातली ही पाखरांची औषधी विद्या बायकांची आहे, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. आमच्या खात्याच्या बैठकांना पुरुष येत, म्हणून आम्ही तिच्यापर्यंत उशिरा पोचलो.

कोंबडीच्या पोटाचे दिवस म्हणजे पावसाळा. सह्याद्रीच्या या माथ्यावर जूनमध्ये लागलेली झड उघडायचं नाव घेत नाही. खुराड्यातली राख ओली होते, जमीन विष्ठेनं माखते, आणि त्या ओलीत हगवणीचे जंतू फोफावतात. पिल्लांच्या शेपटीखालची पिसं चिकटली की पांढरी हगवण. विष्ठेत रक्त दिसलं की रक्ती हगवण. ही बहुधा आतड्यात राहणाऱ्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवीची. कोंबडी पंख पाडून, मान आत ओढून कोपऱ्यात बसली की घरातली बाई आधी तिच्या गळ्यातली पिशवी बोटांनी चाचपते. पिशवी दगडासारखी लागली तर खाल्लेलं अडकलंय. मऊ आणि पाण्यानं भरलेली लागली तर आत आंबतंय. तपासणीची ही रीत पुढे मी पुस्तकातही वाचली, पण हाताला वळण लागलं ते पाड्यावर.

औषधांत पहिला मान कुड्याचा. पेराएवढी साल सहाणेवर पाण्यात उगाळायची, नागलीच्या पेजेत कालवायची आणि चोच उघडून थेंबाथेंबानं सोडायची. साल कडूजहर असते. रानात दुसराही एक कुडा आहे, काळा कुडा. चीक त्यालाही, पानंही बरीचशी तशीच. त्याच्या बियांना गोड इंद्रजव म्हणतात आणि पांढऱ्या कुड्याच्या बियांना कडू. औषधाला कडूच लागतो, म्हणून बाया साल जिभेला लावून बघतात आणि मगच कमरेच्या ओटीत टाकतात. बाजारातल्या काष्ठौषधींत या दोन कुड्यांची भेसळ ही जुनी तक्रार आहे. पाड्यावर ती होत नसे, कारण तपासणारी जीभ आणि औषध देणारा हात एकाच बाईचा.

कुड्याचा गुण ही नुसती श्रद्धा नाही. माणसाच्या आमांशावर आयुर्वेदानं कुटजारिष्ट दिलं ते याच सालीचं. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा यांनी १९२० च्या दशकात या सालीवर काम केलं. तिच्यातलं कोनेसीन हे अल्कलॉइड आमांशाच्या अमिबावर चालतं, आणि तुरट द्रव्यं आतड्यातून झरणारं पाणी आवरतात. हगवणीत पिल्लू मरतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आटून. म्हणजे पेज आणि साल एकत्र देण्यात दुहेरी शहाणपण होतं : साल पाणी थांबवते, पेज गेलेलं पाणी भरून काढते.

दुसरी मुरुडशेंग. पिळदार, सुकी, बाळगुटीत उगाळतात तीच. पोटात कळ येऊन कोंबडी अंग आखडते तेव्हा हिचे दोन-चार थेंब. कुडा मिळाला नाही तर जांभळीची साल. जंतांसाठी पळसाचं बी भाजून, पूड करून, भाकरीच्या तुकड्यात. जड पोटाला ओवा आणि लसूण, हळदीबरोबर नागलीच्या पिठात मळून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या. आजारी कोंबडीला भाताचा कोंडा बंद आणि बारीक वाळू समोर. कारण ज्याला आपण खाताना पेटा म्हणतो त्या पोटाच्या कप्प्यात खडे असतील तरच दाणा दळला जातो, कोंबडीला दात नसतात. खुराड्यात निर्गुडीचा पाला टाकतात तो पिसवांसाठी, पण रक्त कमी झालेली कोंबडी हगवणीला लवकर बळी पडते, म्हणून तोही या औषधांतच धरायचा.

हे सगळं दुबळ्या, महागड्या जातीवर कितपत चाललं असतं, शंका आहे. पाड्यावरची गावठी कोंबडी मुळातच चिवट. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की पाळीव कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला आहे. हा राखी कोंबडा आपल्याच सह्याद्रीचा, सूर्यमाळच्या रानात पहाटे ओरडणारा. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा, वाळवी, गवताचं बी यांवर जगते, घार दिसली की पिल्लं पंखाखाली घेते, आणि खुडूक झाली की रवणाला बसून स्वतःची पुढची पिढी स्वतःच काढते. शासनाच्या योजनेतून आम्ही वाटलेल्या सुधारित तलंगा अंडी पुष्कळ देत; रवणाला बसायचं मात्र त्यांना ठाऊक नसे.

आता या विद्येची हद्द सांगतो. तिच्यापलीकडे मानमोडी होती.

विष्ठा हिरवी होते, कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, मान पिरगाळते आणि दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. १९२६ मध्ये हा रोग जावामध्ये आणि इंग्लंडातल्या न्यूकॅसलला ओळखला गेला. १९२७ मध्ये तो कुमाऊँमधल्या राणीखेतला दिसला आणि भारतात त्याला तेच नाव पडलं. ज्या कुमाऊँच्या राजानं ससाण्यांच्या औषधांचा ग्रंथ लिहिला, तिथलंच गाव कोंबडीच्या सर्वांत भयंकर आजाराचं नाव झालं. आणि त्यावरची आपली लसही १९४० च्या दशकात तिथल्याच मुक्तेश्वरला तयार झाली. पुण्याहून हललेली ती प्रयोगशाळा अखेर कोंबडीच्या कामी आली.

पाड्यावर त्याला 'मर' म्हणत. मर आली की कुडा, लसूण, हळद, सगळं करून पाहिलं जायचं आणि कशानंच काही व्हायचं नाही. हा विषाणू आहे. सालीच्या काढ्यानं तो मरत नाही. उलट एक चाल रोगाच्याच पथ्यावर पडे : धडधाकट दिसणाऱ्या कोंबड्या टोपल्यात घालून बहिणीच्या पाड्यावर नेऊन ठेवायच्या. टोपल्याबरोबर मरही जायची. दिवाळीनंतर माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघत, तेव्हा डालग्यातल्या कोंबड्याही ट्रकवर चढत. भट्टीवर दहा गावांच्या कोंबड्या एकत्र उकरायच्या आणि पावसाच्या तोंडाला दहा दिशांना परतायच्या. रोगाला याहून चांगली वाहतूक कोणती मिळणार?

लस होती, पण तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. मी बर्फ घातलेला थर्मास मांडीवर घेऊन एसटीनं खोडाळ्याला जायचो, पुढे पायी. एक कुपी शेकडो कोंबड्यांची. फोडली की तासा-दोन तासांत संपवायला हवी. पाड्यावर घरं विखुरलेली, कोंबड्या दिवसभर रानात. पहाटे खुराडी उघडायच्या आत पोचलो तरच काम व्हायचं. एका पाड्यावर बायांनी स्वतःच आदल्या रात्री सगळी खुराडी बांधून ठेवायचं ठरवलं आणि सकाळी रांगेनं पिल्लं माझ्यापुढे धरली, प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब. त्या वर्षी शेजारच्या पाड्यावर मर आली, इथे आली नाही. त्यानंतर मला तिथे लसीवर भाषण करावं लागलं नाही.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग राज्याच्या वर्तमानपत्रांत आला. तेव्हापासून पोषणाच्या योजना आल्या. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत अंडीही आली, आणि ते चांगलंच झालं. पण मी पाहिलं ती अंडी ट्रेमध्ये रचून टेम्पोनं घाट चढून येत होती. ज्या पाड्यावर टेम्पो अंडी उतरवत होता, तिथली खुराडी मरीनं ओस पडलेली होती.

दरम्यान जग उलटं फिरलं आहे. वजन वाढवण्यासाठी खाद्यातून अँटिबायोटिक देण्यावर युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून बंदी आणली. भारतानं २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अँटिबायोटिक खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना देणं बंद केलं. आता मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना खाद्यात मिसळायला लसूण, ओवा, हळद यांचे अर्क हवे आहेत आणि ते डब्यांतून विकलेही जातात. आजीच्या गोळीत यातलं काय नव्हतं?

शहरातल्या पक्षीपाळकांना मात्र एक सांगणं. जव्हार गावातही आता पिंजऱ्यात लव्हबर्ड आणि बजरीगर दिसतात, आणि त्यांची हगवण घेऊन लोक मला विचारतात. बजरीगरचं वजन तीस-चाळीस ग्रॅम, गावठी कोंबडीचं किलोच्या पुढे. कोंबडीचा थेंब त्याला अंदाजानं देऊ नका. आधी पाणी बदला, पिंजरा कोरडा करा आणि पक्ष्यांचा डॉक्टर गाठा. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, तिथे औषधाचा प्रश्न दुसरा.

माझ्या नोकरीचा निष्कर्ष चार शब्दांचा आहे : हगवणीला कुडा, मानमोडीला लस. आमच्या खात्यातल्या काहींनी झाडपाल्याला अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेलं, आणि आता झाडपाल्याचे भक्त लसीला नावं ठेवतात. दोघांच्या भांडणात खुराडं रिकामं होतं. वनहक्क कायद्यानं ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांच्या ग्रामसभांनी रानाच्या आराखड्यात कुडा, मुरुडशेंग आणि पळस नावानिशी लिहावेत. साल फांदीची काढावी, खोडाची गोल सोलू नये. खोड सोललं की झाड वाळतं. आणि वीटभट्टीचा ट्रक हलण्याच्या महिनाभर आधी पाड्यावर लस देऊन झालेली असावी. त्या तारखेसाठी दवाखान्याकडे आग्रह धरायला बायांनीच जावं. कोंबडी त्यांची आहे.