क्रिकेटवीर बाळू पालवणकर

क्रिकेटचा सामना सुरू व्हायच्या आधी मैदानावर कोण असते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का? प्रेक्षक आलेले नसतात, खेळाडू आलेले नसतात. पण एक माणूस पहाटेपासून तिथे असतो. तो खेळपट्टी झाडतो, तिच्यावर पाणी मारतो, जड रूळ ओढून ती सपाट करतो आणि चुन्याच्या रेघा आखतो. सामना सुरू झाला की तो बाजूला होतो. त्याचे नाव कुठेही छापून येत नाही.

आज मी ज्यांची हकिकत सांगणार आहे, ते गृहस्थ या कामापासून सुरुवात करून हिंदुस्थानातले त्या काळचे पहिल्या प्रतीचे गोलंदाज झाले. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. इंग्रजी वर्तमानपत्रे त्यांना 'पी. बाळू' म्हणत. त्यांचे खेळणे घडले ते आपल्या पुण्यात.

पालवणकरांचे घराणे मूळ कोकणातल्या पालवण गावचे, म्हणून आडनाव पालवणकर. जात चर्मकार, म्हणजे त्या काळी समाजाने अस्पृश्य ठरवलेली. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. वडील लष्करात नोकरीला होते, आणि त्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. पुण्याची छावणी म्हणजे गोऱ्या अंमलदारांची वस्ती. अंमलदार संध्याकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळू लागले. खेड्यातली मुले जसा विटीदांडू आपला आपण शिकतात, तसेच हे शिक्षण. मास्तर नाही, पुस्तक नाही. बघायचे आणि करून पाहायचे.

शाळा फार दिवस परवडण्यासारखी नव्हती. बाळू पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात कामाला लागले. काम खेळपट्टी झाडण्याचे आणि रूळ फिरवण्याचे; पगार महिना ३ रुपये. सरावाला माणूस कमी पडला की सभासद त्यांच्याकडे चेंडू टाकत आणि म्हणत, "टाक रे दोनचार." पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. एक रुपया वाढला, पण कामेही वाढली. रूळ ओढायचा, सरावाच्या जाळ्या बांधायच्या, टेनिसच्या मैदानाच्या रेघा आखायच्या.

याच क्लबात ट्रॉस नावाच्या एका इंग्रजाने या पोराची गोलंदाजी पाहिली आणि त्याला सरावात चेंडू टाकायला लावले. बार्टन नावाचा एक कॅप्टन डाव्या हाताने फार डौलदार गोलंदाजी करी. बाळूही डावखुरे. बार्टनचा हात कसा वळतो, पाऊल कुठे पडते, हे त्यांनी नजरेने टिपून घेतले आणि स्वतःचे केले. त्यांचा चेंडू टप्पा पडल्यावर वळे; कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला. वेग कधी कमी, कधी जास्त. फलंदाजाला शेवटपर्यंत अंदाज लागू नये, ही त्यांची खुबी.

त्या वेळी पुण्यातला सर्वांत नामांकित फलंदाज होता कॅप्टन ग्रेग. त्याचे नाव जॉन ग्लेनी ग्रेग, पण लोक त्याला 'जंगली' म्हणून ओळखत. हा ग्रेग बाकीचे सभासद यायच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. असे सांगतात, की बाळूंनी त्याला बाद केले की दर वेळी तो ८ आणे देत असे. आता हिशेब करा. ४ रुपये पगाराच्या माणसाने महिन्यात ८ वेळा ग्रेगला बाद केले, की आणखी एका महिन्याचा पगार हातात! असा सराव कोणत्या गोलंदाजाला लाभला असेल? ग्रेगची फलंदाजी सुधारत गेली आणि बाळूंची गोलंदाजी धारदार होत गेली.

पण इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पूना क्लबात बाळूंनी वर्षानुवर्षे हजारो चेंडू टाकले, पण फलंदाजी करण्याची संधी त्यांना एकदाही मिळाली नाही. का? तर चेंडू टाकणे हे कष्टाचे काम समजले जाई, आणि बॅट धरणे हा मानाचा भाग. कष्ट करायला नोकर चालत होता. मानाच्या जागी तो चालत नव्हता. पुढची सगळी हकिकत याच एका गोष्टीभोवती फिरते.

पुण्यात हिंदूंचाही एक क्रिकेट संघ होता आणि त्याला गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे होते. बाळूंना संघात घ्यावे की नाही, यावर त्यांच्यात वाद पडला. संघातले काही तेलुगू सभासद म्हणाले, घ्या. पुण्यातले काही ब्राह्मण सभासद म्हणाले, शिवाशिवीचे काय? शेवटी तोड निघाली ती अशी: मैदानात चेंडू एक, तो बाळूंनी टाकायचा आणि सर्वांनी झेलायचा. मैदानाबाहेर मात्र रीत वेगळी. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यातून मिळे. जेवणही वेगळे, ताटही वेगळे. तोंड धुवायचे असले, तर मैदानाच्या कोपऱ्यात दुसऱ्या अस्पृश्य नोकराने पाणी आणून ओतायचे.

श्रोतेहो, हे ऐकताना आपल्याला लाज वाटते आणि वाटलीच पाहिजे. बाळूंच्या बोटांतून सुटलेला चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात जाई तेव्हा विटाळ होत नव्हता, आणि चहाच्या पेल्याला मात्र विटाळ होत होता! रूढीचा हा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो?

बाळूंनी वाद घातला नाही. त्यांनी गडी बाद केले. त्यांच्या गोलंदाजीवर हिंदू संघाने पुण्याच्या गोऱ्या संघाला हरवले. मग साताऱ्याला सामना ठरला. बाळूंच्या चेंडूला वळण मिळू नये, म्हणून तिथल्या गोऱ्यांनी आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी घट्ट करून ठेवली होती. पण ज्याने लहानपणापासून रूळच ओढला, त्याला खेळपट्टीचा स्वभाव कोणी शिकवायचा? बाळूंनी ७ गडी बाद केले आणि सातारकर साहेब हरले. संघ पुण्यास परत आला तेव्हा सत्कार झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीर सभेत बाळूंच्या गळ्यात हार घातला. ज्याच्याबरोबर तुम्ही खेळता, त्याच्याबरोबर चहा-फराळ घ्यायला तुम्हांला अडचण कसली, असा त्यांचा खेळाडूंना सवाल होता. हळूहळू मातीचे भांडे बाजूला पडले.

शतक संपता संपता बाळू मुंबईस गेले. पुण्यात प्लेगाने हाहाकार उडवलेले ते दिवस. मुंबईत त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि ते हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. तिथेही सुरुवातीला कुरकुर झालीच, पण गुण दिसल्यावर ती मावळली.

त्या काळी मुंबईचे सामने म्हणजे देशातले सर्वांत मोठे सामने. आरंभी युरोपियन आणि पारशी यांच्यातच ते होत. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू संघ बाँबे जिमखान्याच्या मैदानावर युरोपियनांविरुद्ध उतरला. संघात बाळू होते आणि शिवरामही होता. शेवटच्या डावात युरोपियनांना २१२ धावा हव्या होत्या, पण ते १०२ धावांत आटोपले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. दोन्ही डाव मिळून बाळूंनी ८ गडी बाद केले. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, याचा लोकांना झालेला आनंद काय वर्णावा! पण विचारी माणसांनी त्यातला दुसरा अर्थही ओळखला. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्या हातांनी हा विजय मिळवून दिला होता. पुढच्या वर्षी, १९०७ साली, हे सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमान संघ आला आणि ते चौरंगी झाले.

दरम्यान १९११ साली हिंदुस्थानचा संघ पहिल्यांदा विलायतेस गेला. त्यात हिंदू, पारशी आणि मुसलमान असे सर्व खेळाडू होते. कप्तान पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. महाराज थोडेच सामने खेळले. मेजवान्या आणि भेटीगाठी यांतच त्यांचा वेळ गेला. संघ २३ सामने खेळला, पण त्यांतले ६ च जिंकला. हवा गार, मैदाने अपरिचित, प्रवास सारखा चाललेला. अशा पडत्या संघात एकटे बाळू चमकले. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ गडी बाद केले! केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी ८ गडी टिपले. लेस्टरशायरविरुद्ध दोन डावांत ११ गडी टिपले, आणि तो सामना आपल्या संघाने जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक काढले, बाळूंनीही बॅट चालवली आणि एक गडी राखून विजय मिळाला. पूना क्लबात ज्याच्या हातात कोणी बॅट दिली नव्हती, त्याने विलायतेत ती अशी धरली.

वयाच्या पस्तिशीला त्यांनी हे केले, हेही विसरू नका. परत आल्यावर मुंबईतल्या दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याने लिहिले होते, असे इतिहासकार नमूद करतात.

आता तुम्ही विचाराल, एवढा मोठा खेळाडू, मग तो संघाचा कप्तान केव्हा झाला? उत्तर असे की तो कधीच झाला नाही. वर्षे गेली, कप्तान बदलले, बाळूंना ती जागा मिळाली नाही. १९१३ साली कप्तान नेमलेले एम. डी. पै हे सरळ मनाचे गृहस्थ होते. हा मान बाळूंचा होता, कारण ते वयाने आणि अनुभवाने वडील आहेत, असे त्यांनी सत्काराच्या सभेत बोलून दाखवले. सभेने टाळ्या वाजवल्या असतील. नेमणूक बदलली नाही.

१९२० साली मात्र गोष्ट हातघाईवर आली. पै आजारी असताना कप्तानी धाकटे भाऊ विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघांनी जाहीर पत्रक काढून खेळण्यास नकार दिला. जातीमुळे आमच्यावर अन्याय होतो, हे त्यांनी उघड सांगितले. लोकमत त्यांच्या बाजूला गेले. शेवटच्या सामन्यासाठी भाऊ परत आले आणि बाळूंना उपकप्तान केले गेले. सामना चालू असताना पै मुद्दाम काही वेळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. आयुष्यभराच्या सेवेला मिळाला तो इतकाच मान!

पण त्या नकाराचे फळ आले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाने रूळ ओढला, धाकट्या भावाने संघ चालवला. एवढ्या वाटेला तीस वर्षे लागली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले. ते १९४८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या खेळाच्या इतिहासाला त्याचा मोठा आधार आहे.

खेळ संपल्यावर बाळू सार्वजनिक कामात पडले. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. पूर्वी ज्याने आपले मानपत्र लिहिले, त्याच्याशीच हा सामना होता. मते वेगळी होती. दोघांनी सोसलेला अपमान एकच होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पहिल्या दर्जाच्या अवघ्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ गडी आहेत.

श्रोतेहो, 'कष्ट करा, म्हणजे मोठे व्हाल' एवढाच धडा या हकिकतीतून काढू नका. बाळूंनी कष्टांत कसूर केली नव्हती. त्यांच्या कष्टांनी मैदानाचे दार उघडले. चहाचा पेला मिळायला रानड्यांसारख्याने बोलावे लागले, आणि कप्तानीसाठी दोन भावांना 'खेळत नाही' म्हणावे लागले. गुणी माणसाने गुण दाखवावेत हे खरे; पण बघणाऱ्यांनी न्याय करावा, हेही तितकेच खरे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हांला एक विनंती आहे. उद्या शाळेच्या मैदानावर गेलात की जरा बाजूला उभे राहून बघा. यष्ट्या कोण रोवतो आहे? गेलेला चेंडू काट्यांतून दर वेळी कोण आणतो आहे? आणि त्या मुलाच्या हातात बॅट किती वेळा येते? बघा, आणि बॅट त्याच्या हातात द्या.