विडा कोण उचलतो?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा एक खेळ आहे, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो आणला. एक जण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातले वीर होतात आणि फासे पडतील तशी गोष्ट पुढे सरकते. पुष्कळदा सुरुवात ठरलेली असते. राज्यावर संकट आले आहे, कुठे राक्षस माजला आहे, कुठे थडग्यातला मांत्रिक उठला आहे. आणि राजा चार अनोळखी वीरांना बोलावून म्हणतो, ‘आता तुम्हीच वाचवा.’ मग खेळणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, ‘राजाकडे एवढी फौज आहे, ती काय करते?’

गोष्ट रचणारा बहुधा काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. मला मात्र हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने गंभीरपणे घ्यावा असा वाटतो. कारण आपल्या भाषेत या प्रसंगाला एक नेमका शब्दप्रयोग आहे: विडा उचलणे. भर दरबारात तबकात विडा ठेवायचा आणि ‘ही कामगिरी कोण पत्करतो?’ असे विचारायचे. विजापूरच्या दरबारात अफजलखानाने असाच विडा उचलला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तबक खरोखर फिरले की ती पोवाड्याची रंगत, हा वाद बाजूला ठेवू. आदिलशाहीसारख्या जुन्या, मातब्बर सत्तेला एका माणसाच्या हिमतीवर का विसंबावे लागले, ते पाहू.

पहिली गोष्ट म्हणजे, बादशहाची फौज ही फार थोडी बादशहाची असे. ती सरदारांची असे. सरदाराला जहागीर द्यायची, तिच्या उत्पन्नातून त्याने घोडी आणि माणसे बाळगायची आणि हुकूम झाला की हजर व्हायचे. शिपाई ओळखायचा तो आपल्या सरदाराला. त्याचा पगार, त्याची लूट, त्याच्या मुलाबाळांची सोय त्याच्याच हातात. त्यामुळे ‘फौज पाठवा’ याचा व्यवहारातला अर्थ ‘एखादा सरदार तयार करा’ एवढाच होता. मध्ययुगीन युरोपातल्या राजांचीही बरीचशी हीच अवस्था होती. जिथे फौजच माणसागणिक वाटलेली आहे, तिथे वीर शोधण्यावाचून राजापुढे दुसरा मार्ग उरत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. १६५६ च्या नोव्हेंबरात महंमद आदिलशहा वारला. गादीवर आलेला अली आदिलशहा जेमतेम अठरा वर्षांचा, आणि कारभार बड्या बेगमेच्या हाती. पुढच्याच वर्षी औरंगजेब चालून आला. बीदर गेले, कल्याणी गेली. त्याच वर्षी वजीर खान महंमद याचा खून झाला. मोगलांशी त्याचे आतून संधान असल्याचा संशय होता. शहाजहानच्या आजारपणामुळे औरंगजेब उत्तरेकडे वळला, तेव्हा कुठे विजापूरला श्वास घेता आला. तोवर जावळी, कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती गेली होती. अशा वेळी सगळे बळ एका दिशेला लावायचे, तर बाकीच्या सरहद्दी उघड्या पडतात आणि राजधानीत आपल्याच माणसांवर लक्ष ठेवायलाही कोणी उरत नाही.

म्हणून अफजलखान. तो वाईचा सुभेदार राहिलेला होता, जावळीच्या बाजूची त्याला माहिती होती. १६५९ च्या डिसेंबरात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्याने लिहिलेल्या पत्रात त्याच्या फौजेचा आकडा दहा हजार दिला आहे. त्याच पत्रात असेही म्हटले आहे की, एवढ्या बळावर निभाव लागणार नाही हे राणीला माहीत होते, म्हणून तिने त्याला मैत्रीचे सोंग करायला सांगितले. मला हे वाक्य फार बोलके वाटते. काम मोठे आहे आणि दिलेले बळ अपुरे आहे, हे पाठवणाऱ्याला ठाऊक आहे. उरलेली तूट वीराने आपल्या हिकमतीने भरून काढायची! जिंकला तर दरबाराचे यश, हरला तर त्याचे नशीब.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान पडला आणि मागे राहिलेली त्याची फौज उधळली. अठरा दिवसांत पन्हाळा महाराजांच्या ताब्यात आला.

दरबाराने यावरून धडा घेतला का? नाही. पुन्हा विडाच ठेवला. या वेळी सिद्दी जौहर पुढे आला. हा कर्नूलकडचा, जवळपास बंडखोर असलेला सरदार. शिवाजीचा बंदोबस्त करतो, माझी जागा मान्य करा, असा सौदा झाला आणि त्याला ‘सलाबतखान’ हा किताब मिळाला. त्याने पन्हाळ्याला वेढा घातला, भर पावसात तो चालवला. पण १६६० च्या जुलैत महाराज निसटले. लगेच दरबारात कुजबूज झाली की, जौहरच फितूर आहे. अली आदिलशहा आता स्वतः फौज घेऊन राजधानीबाहेर पडला. ज्या संकटासाठी बादशहा हलला नव्हता, त्या संकटावर नेमलेल्या वीराच्या संशयाने मात्र तो हलला.

गंमत म्हणजे खेळाच्या मूळ नियमांतही ही भीती लपलेली आहे. त्या नियमांप्रमाणे लढवय्या वरच्या पायरीवर पोचला की त्याला ‘लॉर्ड’ म्हणतात. तो किल्ला बांधतो, भोवतालचा मुलूख ताब्यात घेतो, रयतेकडून कर वसूल करतो. म्हणजे आज राक्षस मारणारा वीर उद्याचा संस्थानिक! सिद्दी जौहर हाच हिशेब मांडून आला होता आणि बादशहालाही तो कळत होता.

महाराजांनी हे सारे समोरून पाहिले होते. त्यांच्या कारभारात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत, म्हणजे एकट्याच्या मनात आले म्हणून गड शत्रूला देता येत नसे. जहागिरीऐवजी रोख पगारावर भर होता. वीर त्यांच्याकडेही होतेच. पण १६७० साली सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने माणसे सावरली आणि गड घेतला. प्रतापगडाखाली सेनापती पडला आणि मोहीम संपली. सिंहगडावर सरदार पडला आणि मोहीम पुरी झाली. दोन राज्यांतला फरक मला इथे दिसतो.

तेव्हा खेळात राजा फौज का पाठवत नाही, असे कोणी विचारले तर त्याला उलट विचारावे: त्या फौजेला पगार कोण देतो? उत्तर ‘सरदार’ असे आले, तर विडा ठेवण्यावाचून त्या राजाला गत्यंतर नाही. आणि विडा उचलणाऱ्याने उचलण्यापूर्वी एवढे जरूर पाहावे की, आपण जिंकून परत आलो तर हा राजा आपल्याकडे कोणत्या नजरेने बघणार आहे.